नंदीची साक्ष

“बाई, माझं रक्त मला परत द्या,” अण्णा म्हणाले.

मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. पॅथॉलॉजिस्टकडे लोक बऱ्याच गोष्टी मागायला येतात. कुणाला रिपोर्ट आज हवा असतो, कुणाला कालचा हवा असतो, एखाद्याला शेजाऱ्याचाही हवा असतो. रक्त परत मागणारा हा पहिलाच.

“कशाला हवंय?”

“दुसरीकडं तपासून घेतो. तुमच्या हितं ते बिगाडलंय.”

मी मान वर केली. अण्णा म्हणजे मार्केट यार्डातले ज्वारी-शेंगांचे अडते. वय पन्नाशीचं. परीटघडीचं धोतर, कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. पान नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा नाही. आमच्या सोलापुरात चहा न घेणाऱ्या अडत्याकडे लोक जरा संशयानेच बघतात. पण अण्णांकडे तसंही कुणी बघत नसे. मनुष्य सरळ म्हणजे किती सरळ, तर स्वतःच्या हमालालाही ‘अहो’ म्हणायचा. असा माणूस माझ्यासमोर उभा राहून स्वतःचं रक्त परत मागत होता.

“आमची मंडळी अक्कलकोटला माहेरी गेली,” ते म्हणाले. “ट्रंक घिऊन गेली.”

ट्रंक घेऊन जाणं आणि पिशवी घेऊन जाणं यातला फरक मला कुणी समजावून सांगायला नको होता. आणि यात माझा हात होता.

झालं होतं असं. अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. सर्जनने नेहमीच्या टेस्ट लिहून दिल्या. त्यात एक व्हीडीआरएल. ही टेस्ट उपदंश नावाच्या गुप्तरोगासाठी करतात. त्या काळी ऑपरेशनआधी सगळ्यांचीच करायचे, अगदी मठातल्या स्वामींचीसुद्धा. अण्णांची आली रिअ‍ॅक्टिव्ह. रिपोर्ट न्यायला आला अण्णांचा मेहुणा बसवराज. हा अक्कलकोटला एका दवाखान्यात कंपाउंडर होता. मी रिपोर्ट लिफाफ्यात घातला, पण डिंक लावला नाही. उन्हाळ्यात डिंकाची बाटली सुकून दगड व्हायची आणि कुणी उघडून पाहील असं माझ्या मनातही आलं नाही.

बसवराजने पायरीवरच तो उघडला. परत आत येऊन मला म्हणाला, “रिअ‍ॅक्टिव्ह म्हंजे पॉझिटिव्हच न्हवं, मॅडम? न्हाय, आपन लाइनमधीच हाय, म्हनून इचारलं.”

मी तेव्हा पस्तिशीची होते, मुंबईहून शिकून आले होते आणि स्वतःवर खूश होते. लॅबच्या दाराशी मी पाटी लावली होती: ‘येथील रिपोर्टवर वाद घालू नये.’ मी त्याला म्हटलं, “रिपोर्टमध्ये लिहिलंय तेच.” एवढं त्याला पुरलं. संध्याकाळच्या गाडीने बसवराज, त्याची बहीण आणि ट्रंक अक्कलकोटला पोचले. म्हणजे अण्णांना ऑपरेशनची तारीख कळायच्या आत अख्ख्या सासुरवाडीला रोगाचं नाव कळलं होतं.

“बाई, म्या असलं कायबी केलेलं न्हाय,” अण्णा म्हणाले. “लिंगावर हात ठिवून सांगतो.”

खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. असं सगळेच सांगतात. पण ट्रंकेचं मनाला लागलं होतं. मी म्हटलं, “उद्या सकाळी सहाला या. पुन्हा करू.”

सहाला अशासाठी की ही टेस्ट भारी नाजूक. खोलीतली हवा फार गरम झाली तर तिचा भरवसा नाही, आणि सोलापूरचा मे महिना कुणाचं ऐकत नाही. माझा टेक्निशियन नरसय्या खिडक्यांना ओल्या चादरी बांधायचा. नरसय्या विणकराच्या घरातला, मागावरून लॅबमध्ये आलेला. त्याच्या घरच्यांना वाटायचं, शिकून वाया गेला. पण त्याचा डोळा असा की चादरीत एक धागा चुकला तर दहा हातांवरून सांगेल. काचेवरच्या गुठळ्या माझ्याआधी त्याला दिसायच्या.

टेस्ट करायची रीत सोपी आहे. रक्त ठेवून दिलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं ते सीरम. त्याचा थेंब काचेवर घ्यायचा, त्यात टेस्टचं औषध मिसळायचं, काच चार मिनिटं गोल फिरवायची आणि मायक्रोस्कोपखाली पाहायचं. सगळं एकसारखं पसरलेलं दिसलं तर ठीक. बारीक गुठळ्या दिसल्या तर रिअ‍ॅक्टिव्ह.

नरसय्याने पाहिलं, मग मी पाहिलं.

“हायत, मॅडम,” तो म्हणाला. “पन बारीक हायत. खळ गेलेल्या जुन्या सुतासारक्या. जोर न्हाय त्यांच्यात.”

सीरम चारपट पातळ करेपर्यंत गुठळ्या दिसल्या, पुढे नाहीशा झाल्या. म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह, पण दुबळी. खऱ्या रोगात बहुतेकदा याहून जोरदार दिसते. माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली. शंका आली की डॉक्टर प्रश्न विचारतो. मी कागद घेऊन बसले.

“मलेरिया झाला होता?”

“न्हाय.”

“टायफॉइड?”

“न्हाय.”

“घरात कुणाला कुष्ठरोग?”

“शिवशिव. न्हाय.”

“सांधे दुखतात?”

“पोती बगून बगून मान दुकती.”

“कावीळ?”

अण्णा खोकले. त्यांचा हात गळ्यातल्या डबीकडे गेला. “फुडचं इचारा,” ते म्हणाले.

मी ‘नाही’ असं लिहिलं आणि पुढचं विचारलं. ही माझी दुसरी चूक. पहिली डिंकाची.

प्रश्न संपले तसे अण्णांनी विचारलं, “बाई, पर त्या औषदाला कसं कळतं, मानसानं काय केलं ते?”

इथे मी तिसरी चूक केली. मला वाटलं, टेस्ट किती आडवळणाची आहे हे नीट समजावलं तर त्यांना धीर येईल. म्हणून मी सांगितलं की औषधात त्या रोगाचा जंतू मुळी नसतोच. बैलाच्या हृदयातून काढलेलं एक चरबीसारखं द्रव्य असतं. रोग झालेल्या माणसाच्या रक्तात त्या चरबीच्या विरोधात अँटिबॉडी तयार होतात, म्हणजे शरीराने शत्रूशी लढायला बनवलेले पदार्थ. या अँटिबॉडी चरबीला चिकटतात आणि गुठळ्या होतात.

अण्णा बसल्या जागेवरून अर्धे उठले.

“बैलाच्या?”

“हो.”

“म्हंजे नंदी की.”

“तसं नव्हे, अण्णा—”

“रोज सकाळी आंगोळ करून मी त्याच्या पायावर डोकं ठिवतो, बाई. आन तो माज्या विरोधात साक्ष देतो?” मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “नंदी खोटं बोलनार न्हाय. मंग मीच कायतरी केलं असंल. पर कवा?”

तो बैल आता कुठे आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मीही त्या दिशेला गेले नाही.

अण्णा तिथेच बसून आठवायला लागले. अर्ध्या तासाने म्हणाले, “एकदा मिरजंला लॉजमधी ऱ्हायलो हुतो. चादर तितलीच घेतली अंगावर.” मी म्हटलं, चादरीने हा रोग होत नाही. त्यांचं समाधान झालं नाही. उठले आणि निघून गेले. कुठे गेले, हे मला दोन दिवसांनी कळलं. ते सरळ अक्कलकोटला गेले, सासऱ्यांच्या ओसरीवर उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, “माझं मला आठवत न्हाय, पर नंदीनं साक्ष दिलीय. मिरजंला एकदा लॉजमधी ऱ्हायलो हुतो, येवढंच.”

एवढा सरळ माणूस नवरा म्हणून मिळणं किती अवघड असतं, ते त्या बाईलाच ठाऊक. तिच्या वडिलांनी निरोप धाडला की रिपोर्ट स्वच्छ झाल्याशिवाय मुलगी परत येणार नाही. म्हणजे आता एका संसाराचा निकाल माझ्या काचेच्या पट्टीवर येऊन ठेपला होता. सर्जनने फोन केला, “काय हो, माझा हर्निया कुठंय?” मी म्हटलं, “अक्कलकोटला बायकोची समजूत काढतोय.”

मी पुस्तकं काढली. मुंबईहून आणलेली, चार वर्षांत न उघडलेली. त्यांत मला परीक्षेपुरतं पाठ असलेलं एक वाक्य सापडलं. बैलाच्या हृदयातली ती चरबी आपल्या स्वतःच्या पेशींतही असते. त्यामुळे ही अँटिबॉडी म्हणजे एका परीने शरीराने स्वतःवरच उगारलेली काठी. उपदंशात ती दिसते, पण दुसरा एखादा रोग शरीरात दीर्घकाळ मुक्काम करून राहिला तरी दिसू शकते. खास करून एखादा चिवट व्हायरस.

फ्रिजमध्ये अण्णांचं थोडं सीरम उरलं होतं. ते परत दिलं नव्हतं, हे बरंच झालं. आमच्याकडे संधिवाताची एक टेस्ट होती. त्या रोगातही शरीर स्वतःच्याच विरुद्ध अँटिबॉडी बनवतं. अण्णांचे सांधे ठणठणीत होते. तरी मी ती टेस्ट लावली. पॉझिटिव्ह! मग यकृताची टेस्ट केली. ती थोडी वाढलेली.

“नरसय्या,” मी म्हटलं, “या माणसाच्या रक्तात दोन चुकीच्या अँटिबॉडी आहेत आणि यकृत कुरकुरतंय.”

“मंग मूळ तितंच असंल, मॅडम. कापडात दोन जागी गाठ आली तर आमी कापड बगत न्हाय, माग बगतो.”

यकृतात ठाण मांडून बसणारा एक व्हायरस तेव्हा नवा नवा ओळखीचा झाला होता. तो सुईतून पसरतो, अंगात शिरल्यावर काही महिन्यांनी कावीळ करतो, आणि काही लोकांच्या अंगात मग वर्षानुवर्षं राहतो. सगळं जुळत होतं. फक्त माझ्याच अक्षरात कागदावर लिहिलं होतं: कावीळ, नाही.

मी अक्कलकोटला निरोप पाठवला. नवऱ्याचा निकाल लागायला बायकोचंही रक्त लागेल. बसवराज बहिणीला घेऊन दुसऱ्याच दिवशी हजर. त्याला आनंदच झाला होता, कारण त्याच्या मते आता पुरावा पक्का होणार होता.

बहीण म्हणजे अक्का. बसवराज तिला अक्का म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. उंच, इरकल लुगडं, ओठ घट्ट मिटलेले. अण्णा आधीच येऊन बाकावर बसले होते. त्यांना पाहून अक्कांनी स्टूल फिरवलं आणि पाठ करून बसल्या. नरसय्याने रक्त घेतलं तेव्हा त्यांनी पापणीही हलवली नाही. तासाभरात टेस्ट झाली. काचेवर एकही गुठळी नव्हती.

“बगा!” बसवराज ओरडला. “आमच्या अक्काचं रगत गंगाजल हाय. आन दाजींचं—”

“तुम्ही गप्प बसा,” मी म्हटलं. “अक्का, मला वाटतं अण्णांना तो रोग नाहीच. त्यांच्या यकृतात जुनं काहीतरी आहे, ते ही टेस्ट बिघडवतंय. पण त्यासाठी मला एक गोष्ट पक्की कळायला हवी. अण्णा, नीट आठवून सांगा. कावीळ झाली होती का?”

“फुडचं इचारा,” अण्णा म्हणाले.

“पुढचं काही उरलेलं नाही. हा शेवटचाच प्रश्न आहे.”

अण्णांनी डोळे मिटले. हात डबीवर. ओठ असे आवळले की ते मिशीखाली दिसेनासे झाले. मी भडकले. त्यांना म्हटलं की तुमच्या घरासाठी मी चार दिवस पुस्तकं धुंडाळतेय आणि तुम्हाला एक हो किंवा नाही जड झालंय. तरी ते गप्पच.

तेव्हा अक्कांनी स्टूल फिरवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

“बोलायचं न्हाय व्हय?”

अण्णांनी मान हलवली. नाही.

“घर मोडलं तरी?”

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान पुन्हा तशीच हलली.

अक्का उठल्या. पदर खांद्यावर ओढून घेतला. थंडीच्या दिवसांत नदीत पाय टाकताना माणूस जसा एक श्वास घेतो तसा घेतला आणि म्हणाल्या, “कावीळ.”

बसवराज दोन पावलं मागे सरकला. “अक्का! नाव घेतलंस!”

“घेतलं. कावीळ झाली हुती ह्यांना. हाळदीगत पिवळे झालते. आता समद्या सोलापूरनं ऐकलं तरी चालंल. कावीळ झाली हुती!”

मी नरसय्याकडे पाहिलं, नरसय्याने माझ्याकडे. मग अक्कांनीच सगळं उलगडून सांगितलं. वर्षापूर्वी शिमग्याच्या सुमाराला अण्णांना कावीळ झाली. वैरागला एक बाबा कावीळ उतरवायचा. गळ्यात मुळ्यांची माळ घालायचा, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावायचा, पाणी पिवळं व्हायचं आणि कावीळ उतरली म्हणायचा. त्याचा एक नियम होता. एकदा उतरवली की तिचं नाव घ्यायचं नाही. तशी शपथ घालायचा. जो नाव घेईल त्याच्या अंगावर ती जाईल. अण्णांना त्याने लिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. म्हणून अण्णा ‘झाली’ म्हणू शकत नव्हते. आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ‘नाही’ही म्हणू शकत नव्हते. त्यांच्याकडे एकच उत्तर शिल्लक होतं: पुढचं विचारा. ‘नाही’ हे उत्तर माझं होतं, त्यांनी ते कधी दिलंच नव्हतं.

“बसवराज, तुम्हाला हे माहीत नव्हतं?” मी विचारलं.

“म्हाईत हुतं की, मॅडम. पर नाव कसं घ्यायचं?”

“त्या वेळी घरात आणखी कुणाला झाली होती?”

“आमच्या आप्पाला,” अक्का म्हणाल्या. “आन चुलतभावाला. तिगांनाबी एकाच म्हैन्यात. वैरागला एका जीपमधी घिऊन गेलो.”

“त्याआधी चार-पाच महिने, म्हणजे दिवाळीला, काय झालं होतं?”

“दिवाळीला काय, पोळ्या झाल्या, सुया झाल्या.”

“सुया?”

आता बसवराज खिडकीबाहेर पाहू लागला. अक्कांनी सांगितलं. दिवाळीला जावई आला की भाऊ सगळ्यांना ताकदीचं इंजेक्शन द्यायचा. मान म्हणून. जावयाला आधी, मग वडिलांना, मग चुलतभावाला. कुणी जावयाला धोतर देतं, कुणी अंगठी. ह्यांच्याकडे सुई.

“आणि तुम्हाला?”

“मी पोळ्या लाटत हुते. हात धुवून येस्तवर औषद संपलं.”

चांगलं काही घरात आलं की बायकांपर्यंत पोचेस्तोवर संपतं, याचा एवढा फायदा झालेला मी दुसरा पाहिलेला नाही.

“सुई उकळली होती का?” मी बसवराजला विचारलं.

“म्हंजे काय, मॅडम! सकाळी उकळली हुती.”

“आणि मग?”

“मंग दिवसभर दवाखाना चालवला की. सांजंला तीच घरी आनली.”

दिवसभरात त्या सुईखालून कोण कोण गेलं असेल आणि त्यात कावीळ अंगात असलेला एकजण तरी असेल, हे ‘लाइनमधल्या’ माणसाला समजावायची गरज नव्हती. त्याचा चेहराच पिवळा पडला होता. नरसय्याने शांतपणे स्पिरिटचा बोळा काढला आणि म्हणाला, “बाही वर करा, कंपाउंडरसाहेब.” आयुष्यभर दुसऱ्यांना टोचत आलेला माणूस सुई पाहून घामाने भिजला. मला थोडा आनंद झाला, आणि त्याचा पश्चात्ताप मला आजही होत नाही.

आता फक्त खात्री हवी होती. ज्या टेस्टमध्ये उपदंशाचाच जंतू वापरतात ती, आणि त्या व्हायरसची, या दोन्ही तेव्हा मुंबईलाच व्हायच्या. तिघांचं सीरम बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवलं आणि नरसय्याला गाडीत बसवलं. परत आल्यावर त्याने सांगितलं की समोरच्या बाकावरचे पाहुणे पुण्यापर्यंत थर्मासकडे बघत होते आणि शेवटी न राहवून म्हणाले, “एक कप आमालाबी घाला की.” त्याने सांगितलं, “चहा न्हाय, रगत हाय.” पुण्याला डबा रिकामा झाला आणि तो झोपून गेला.

रिपोर्ट यायला बारा दिवस लागले. अण्णा रोज यायचे, बाकावर बसायचे आणि जायचे. अक्का अक्कलकोटलाच होत्या. आप्पांची अट कायम होती: आधी कागद.

कागद आला. उपदंशाची पक्की टेस्ट: निगेटिव्ह. व्हायरसची: पॉझिटिव्ह. अक्कांची निगेटिव्ह. बसवराजचीही निगेटिव्ह, कारण तो स्वतःला कधी टोचून घेत नसे.

अक्कांना बोलावून घेतलं आणि नवराबायको दोघांना समोर बसवून मी समजावलं. या वेळी बैलाला मध्ये न आणता. “हे बघा, घरात चोर शिरलाय आणि पोलिसांना तो सापडत नाही. वर्ष झालं, दीड वर्ष झालं. मग पोलीस चिडतात आणि दिसेल त्याला पकडायला लागतात. शेवटी घरमालकालाच धरतात. तुमच्या रक्तात तेच झालंय. व्हायरस यकृतात बसलाय आणि तुमच्या अँटिबॉडी तुमच्यावरच काठी उगारतायत.”

“म्हंजे आनीबानीवानी की,” अण्णा म्हणाले.

आणीबाणी उठून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

या व्हायरसवर तेव्हा औषध नव्हतं, हेही मी लपवलं नाही. दारूला शिवायचं नाही, रक्तदान करायचं नाही, वस्तरा वेगळा ठेवायचा, दर सहा महिन्यांनी तपासायचं. दारूचा मुद्दा अण्णांनी मन लावून ऐकून घेतला, जणू उद्यापासून सोडायचीच होती. सर्जनलाही मी सगळं कळवलं. हर्निया नंतर व्यवस्थित पार पडला.

अक्का मात्र कागदाकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कागद उलटासुलटा करून पाहिल्यावर त्या म्हणाल्या, “म्हंजे नंदी खोटं बोलला न्हाय.”

“तो काय म्हणाला, ते आम्हाला कळलं नाही,” मी म्हटलं.

“त्यानं सांगितलं, ह्यांच्या अंगात कायतरी बसलंय. तुमी इचारलं, कुनाच्या अंथरुनात गेलते.” मग त्या उठल्या आणि अण्णांना म्हणाल्या, “चला. ट्रंक ष्टँडावर ठिवलीय.”

त्या ट्रंक घेऊनच आल्या होत्या. कागद काय सांगतो हे कळायच्या आधी.

त्या दिवशी मी पाटी काढली. नरसय्या म्हणाला, “मॅडम, पत्रा चांगला हाय,” आणि ती उलटी करून त्याने कुंडीखाली ठेवली. डिंकाची नवी बाटली आणली आणि लिफाफे बंद व्हायला लागले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. पुढच्या सोमवारी अक्का एकट्याच लॅबमध्ये आल्या. म्हटलं, काय झालं? त्यांनी बोटाने खालची पापणी ओढली आणि डोळा माझ्यासमोर धरला. “बगा, आली का?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. नाव घेतलं होतं ना.

“नाही आली. डोळे स्वच्छ आहेत.”

पुढच्या सोमवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. दर वेळी हातात शेंगाच्या चटणीची पुडी. मी पापणी पाहायची, ‘नाही’ म्हणायची, त्या हात जोडून जायच्या. मी त्यांना व्हायरस समजावला, सुई समजावली, नाव घेतल्याने काही होत नाही हेही समजावलं. त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या सोमवारी पापणी ओढून उभ्या राहायच्या. चार महिने हे चाललं. शेवटी एकदा मी विचारलं, “अक्का, नाव घेतल्यावर ती तुमच्यावर येणार, असं तुम्हाला खरंच वाटतं?”

“व्हय की.”

“मग घेतलंत कशाला?”

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की एवढं शिकून ही बाई हे विचारते.

“ते बोलनार न्हवते, बाई. कुनीतरी बोलाया पायजेच हुतं.”

मी पापणी पाहिली. माझ्याच डोळ्यात पाणी असल्यामुळे नीट दिसलं नाही, तरी ‘नाही’ म्हटलं.

त्यानंतर मी माझा छापील फॉर्म बदलून घेतला. ‘कावीळ झाली होती का?’ या प्रश्नाखाली आणखी एक ओळ घातली: ‘उतरवली होती का?’ पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारे पुष्कळजण दुसऱ्याला पटकन ‘व्हय’ म्हणायचे. आणि कुणी ‘पुढचं विचारा’ म्हणालं, तर मी पेन खाली ठेवायची आणि म्हणायची, बायकोला बोलवा.